बिबड्यांचं गरम पीठ

गच्चीवर बिबडे, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, वाळताना दिसले की मला दोंडाईचाची ती सकाळ आठवते. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. तिला गहू सोसत नाही असं जळगावच्या डॉक्टरांनी सांगितल्यापासून पोळी, ब्रेड, बिस्किटं बंद होती, आणि कुणी काही दिलं की ती आधी मला विचारायची, "आई, मला चालेल?" आम्ही माझ्या माहेरी गेलो होतो. शेजारच्या अक्कांच्या अंगणात मोठ्या पातेल्यात बिबड्यांचं पीठ रटरटत होतं. आंबवलेल्या ज्वारीचा आणि जिऱ्याचा वास गल्लीभर पसरला होता. अक्कांनी वाट्यांमध्ये गरम पीठ घालून वर कच्चं तेल सोडलं. मुलीने माझ्याकडे पाहिलं, तशा अक्काच म्हणाल्या, "खाय बेटा, यामा गहू नही शे. बठ्ठी ज्वारी शे." म्हणजे सगळी ज्वारीच. सगळ्या पोरांच्या पंगतीत बसून तिने तीन वाट्या संपवल्या. त्या दिवशी तिच्यासाठी वेगळा डबा उघडावा लागला नाही. आता ती पुण्यात असते, पाकिटावरची बारीक अक्षरं वाचूनच खाते. परवा फोनवर म्हणाली, "आई, अक्कांसारखं पीठ कर ना." मी दोनदा करून पाहिलं, पण ती चव आली नाही. अक्का आता नाहीत, आणि ज्वारी किती दिवस भिजवायची हे मी त्यांना कधी विचारलंच नाही.