वायर काढलेल्या टीव्हीवरची पट्टी

इथले गूढ अनुभव मी नेमाने वाचतो आणि खरं सांगायचं तर निम्म्या वेळा हसतो. राग मानू नका. माझा धंदाच वायरचा. आयटीआय केल्यापासून केबलच्या लाईनवर आहे. टीव्हीवर काही दिसत असेल तर ते कुठून तरी वायरमधून आलेलं असतं, आणि दिसत नसेल तर वायर कुठे तरी तुटलेली असते... माझं सगळं तत्त्वज्ञान एवढंच होतं. देवाला हात जोडायचो तेही आईच्या धाकाने. तरी आज हे लिहितोय, कारण मनातून जात नाही.

मी अकोटचा. दर्यापूर रोडवर एका सायकलच्या दुकानाच्या माडीवर आमची कंट्रोल रूम होती. मालक सलीमभाई, आणि बाकी सगळं मी. खांबावर चढणं, अ‍ॅम्प्लिफायर बदलणं, लोकांच्या शिव्या खाणं, आणि आमच्या लोकल चॅनेलची पट्टी टाईप करणं. दुपारी बाराला त्या चॅनेलवर जुना सिनेमा लागायचा आणि त्याच्या खालून पट्टी सरकत राहायची. कुणाचा बैल हरवला, कोणत्या शाळेचं गॅदरिंग आहे, आणि मुख्य म्हणजे निधन. 'अमुक यांचे दुःखद निधन, अंत्ययात्रा राहत्या घरून चार वाजता.' मुसलमानाच्या घरची असली तर जनाज्याची वेळ. अर्ध्या गावाला मयत कळायची ती आमच्या पट्टीवरून.

निधनाच्या पट्टीसाठी सलीमभाईंचा एक कडक नियम होता. घरच्या माणसाने हाताने लिहून, सही करून चिठ्ठी आणली तरच पट्टी लागणार. हा नियम माझ्यामुळे झाला होता. एकदा चहाच्या टपरीवर ऐकलेल्या बातमीवरून मी एका जिवंत माणसाची पट्टी चालवली होती. तासाभराने तो स्वतःच जिना चढून आला आणि म्हणाला, "म्या कधी गेलो रे बाप्पा, मले तरी सांगाचं होतं." पुढे कितीतरी दिवस गावात माझी थट्टा चालली होती.

थट्टेचे दिवस फार टिकले नाहीत म्हणा. त्या वर्षांत आमच्या भागात शेतीचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. चिठ्ठ्यांमधली वयं कमी कमी होत चालली होती. अठ्ठावीस. बत्तीस. मी वय टाईप करायचो आणि पुढची चिठ्ठी घ्यायचो. सवय होते माणसाला, आणि सवय झाली याचीही लाज वाटेनाशी होते.

कापसाच्या जिनिंग फॅक्टरीच्या मागच्या वस्तीत, आमच्या लाईनच्या अगदी शेवटच्या घरात यमुनाकाकू राहायच्या. एकट्याच. मुलगी बाळापूरला दिलेली. काकू सिनेमा बघत नसत, खालची पट्टी वाचत. मयतीच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे पिठलं-भाकरी नेऊन देतात, हे आपल्याकडे सगळीकडेच आहे. पण काकू ओळखीच्या-अनोळखीच्या, हिंदूच्या-मुसलमानाच्या, कुणाच्याही घरी जायच्या. पट्टी वाचली की भाकरी थापायला बसायच्या, आणि स्टीलचा तीन पुडांचा डबा घेऊन चालत निघायच्या.

मी एकदा विचारलं होतं, कशाला एवढी पायपीट करता म्हणून. त्या म्हणाल्या, "आमचे हे गेले तवा कोनाले समजलंच नाई, बाबू. नवीन बिऱ्हाड होतं आमचं. दोन दिवस पोरगी माह्या पदराले धरून जेवाले मागत होती आन् मले उठणं होत नव्हतं. तसं कोनाच्या घरी होऊ नये."

मग ते डिजिटल आलं. सरकारचा आदेशच होता की अ‍ॅनालॉग बंद, प्रत्येक घरात सेट-टॉप बॉक्स. आता सिग्नल थेट वरच्या कंपनीकडून यायचा. आमचं काम फक्त घरोघरी पोचवण्याचं. लोकल चॅनेल गेलं, सिनेमा गेला, पट्टी गेली. मी बॉक्स घेऊन काकूंकडे गेलो तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"याच्यात पट्टी दिसते का?"

"नाही काकू. पण दीडशे चॅनेल दिसतात."

"मंग मले नाई पायजे."

पुष्कळ समजावलं. ऐकलं नाही. शेवटी मी त्यांच्या घरची वायर खांबापासून काढली, गुंडाळी केली आणि गाडीला अडकवून घेऊन आलो. भिंतीतलं भोक त्यांनी माझ्यासमोर मातीने लिंपलं. हे एवढं बारीक सांगतोय, कारण पुढचं सगळं यावरच आहे. त्या घरात वायर नव्हती. छतावर अँटेना नव्हता. काकूंकडे मोबाईलही नव्हता.

दोनेक महिन्यांनी एका शिंपीकाकांची आई वारली. मी मयतीला गेलो तर काकू डबा घेऊन हजर. मला वाटलं, शेजारणीने सांगितलं असेल. मग सलीमभाईंचे चुलते गेले. तिथेही काकू आल्या, आणि तेव्हा तर घरातल्या अर्ध्या लोकांनाही कळलं नव्हतं. सलीमभाईंनी विचारलं, "काकू, आपको किसने बताया?"

"पट्टीवर होतं ना," काकू म्हणाल्या.

मी बाजूलाच उभा होतो. हसून म्हणालो, "काकू, पट्टी बंद होऊन किती दिवस झाले."

"माह्या टीव्हीवर येते बाप्पा. बाराले लावतो, दिसते."

म्हातारं माणूस, जाऊ द्या असं म्हणून मी सोडून दिलं. सलीमभाईंनी मात्र सोडलं नाही. परत येताना गाडीवर मागे बसून म्हणाले, "प्रकाश, बाई को कुछ मत बोल. ये सब अपने को कहाँ समझता है?" मला सगळं समजत होतं. निदान वायरचं तरी.

आता तो दिवस.

पोळा होऊन पंधरा दिवस झाले असतील. सोमवार होता. मी पाऊण वाजता घरी जेवायला आलो. घरात आई, बायको आणि मी. धाकटा भाऊ विनोद सकाळीच पंप घेऊन कपाशीवर फवारणीला गेला होता. शेत आमचं गावापासून पाच किलोमीटरवर. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती आणि हवा अशी कोंदट की उभ्या जागी घाम फुटत होता. हात धुऊन पाटावर बसतोय तोच दारात यमुनाकाकू. हातात तो तीन पुडांचा डबा.

त्यांनी अंगणात इकडे-तिकडे पाहिलं. "अजून कोनी जमलं नाई का रे बाबू?"

"कोणाची मयत आहे काकू? घर चुकलं तुमचं."

त्या दोन पावलं जवळ आल्या. मग हळू आवाजात, आत आईला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाल्या, "तुले कोनी सांगतलं नाई का? विनोदची पट्टी हाये. उद्या सकाळी अकराले राहत्या घरून, असं लिवलं हाये. म्या दोनदा वाचली."

मला काय झालं ते स्पष्टच सांगतो. मला भीती वाटली नाही, संताप आला. भरल्या घरात, जेवणाच्या वेळी, माझ्या धडधाकट भावाचं नाव घेते ही बाई. मी विनोदला फोन लावला. रिंग वाजून वाजून बंद झाली. फवारणी करताना तो फोन पिशवीत टाकून बांधावरच्या निंबाला अडकवायचा, हे मला ठाऊक होतं. झालं, कारण सापडलं. मी दुसऱ्यांदा फोन लावला नाही.

"चला काकू," मी म्हटलं. "तुमचा टीव्हीच बघू."

त्यांना गाडीवर बसवलं. वाटेत कंट्रोल रूमखाली सलीमभाई भेटले. साक्षीदार हवा म्हणून मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांचा चेहराच उतरला. म्हणाले, "पहले खेत पे जा."

"आधी हिचा टीव्ही दाखवतो तुम्हाला. एकदाचा निकाल लावून टाकू."

"प्रकाश, टीव्ही कहीं भागा नहीं जा रहा. खेत पे जा."

मी ऐकलं नाही. सलीमभाईंना तिथेच सोडलं. काकूंना घेऊन त्यांच्या घरी गेलो आणि टीव्ही लावला. नुसत्या मुंग्या. खर्र आवाज आणि पांढऱ्या-काळ्या मुंग्या. मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. मी काकूंना बसवून एकेक दाखवायला लागलो. हे बघा, भोक लिंपलेलं आहे. हे बघा, मागचं सॉकेट रिकामं आहे. शेजारच्या वायरमधून गळती होत असेल का म्हणून खांबावर चढून मीटर लावला, मीटर शून्य. परत येऊन टीव्हीचं मागचं झाकण उघडलं, ब्रशने धूळ झटकली, पुन्हा बसवलं. पाऊण तास मी त्या बाईला तिचं खोटं समजावून सांगत होतो.

काकू दाराला टेकून उभ्या होत्या. तीनदा म्हणाल्या, "असू दे बाबू, माहं चुकलं अशीन. तू वावरात जाय."

तिसऱ्यांदा म्हणाल्या तेव्हाच माझा फोन वाजला. शेजारच्या शेतातले गजाननभाऊ होते. "प्रकाश, लवकर ये. विनोद कपाशीत पडेल हाये. पंप पाठीवरच हाये त्याच्या."

तो ओळींच्या मधे पालथा पडला होता. कपाशी इतकी उंच की बांधावरून दिसलाच नसता. गजाननभाऊंनाही तो दिसला नव्हता. पिशवीतला फोन वाजून वाजून थांबला तो त्यांनी ऐकला होता. पाणी प्यायला निंबाखाली आले तेव्हा आठवलं, की मघाशी विनोदने फोन घेतला नाही, म्हणून ते शोधायला आत शिरले. म्हणजे माझा तो एकच फोन. दुसऱ्यांदा लावला असता तर ते तेव्हाच शोधायला निघाले असते. हे मी रोज मोजतो.

गावातल्या डॉक्टरांनी फवारणीच्या औषधाची विषबाधा म्हणून इंजेक्शन दिलं आणि अकोल्याला न्यायला सांगितलं. वाटेतलं चोहोट्टा बाजार गाव ओलांडेपर्यंत त्याचा श्वास चालू होता. डोकं माझ्या मांडीवर होतं. मग श्वास थांबला. अकोल्याला डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. किती आधी, मी विचारलं. ते सांगायला तयार नव्हते. मीच पुन्हा पुन्हा विचारलं. शेवटी म्हणाले, "अर्धा तास जरी..."

पोस्टमॉर्टेम वगैरे होऊन त्याला घरी आणलं तेव्हा दिवस मावळत होता. बहीण सुरतेहून निघाली होती. मामा अंगणात उभे राहून म्हणाले, "तिले त्याचं तोंड पाहाले भेटलं पायजे. उद्या सकाळी अकराले काढू." मी मान वर केली. सलीमभाई समोरच होते. आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

सवयीने म्हणा, कशाने म्हणा, सलीमभाईंनी खिशातून कागद काढून माझ्यापुढे धरला. पट्टी नव्हती, चॅनेल नव्हतं, मोबाईलवरच सगळ्यांना कळवायचं होतं. तरी घरच्या माणसाने लिहून दिलेली चिठ्ठी त्यांना हवी होती. ती मी लिहिली. आयुष्यात इतक्या पट्ट्या टाईप केल्या, पण 'राहत्या घरून' मी दोनदा खोडून पुन्हा लिहिलं.

दिवेलागणीला काकू आल्या. तोच डबा. आईजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "दुपारचं पिठलं आंबलं असतं व बाई, म्हनून नवं करून आनलं. दोन घास खाय." आई खाईना, तर तिला लहान मुलासारखं भरवलं. त्या दुपारबद्दल मला त्या काही बोलल्या नाहीत. तेव्हाही नाही आणि नंतर कधीही नाही. बोलल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

कारण शोधायचा मी खूप प्रयत्न केला. काकूंना कुणी सांगितलं म्हणावं, तर त्या आल्या तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. त्यांच्या मनाचे खेळ म्हणावेत, तर अकराची वेळ? ती तर संध्याकाळी ठरली, आणि बहीण सुरतेला आहे हे काकूंना माहीतही नव्हतं. मी त्यांच्या घरी जाऊन वस्तीतली सगळी लाईन पुन्हा तपासली. कुठेच काही नाही. तेराव्यानंतर मी त्यांना विचारलं, आता पट्टीवर काय येतं? त्या म्हणाल्या, "त्या दिसापासून बंद झाली बाबू. तुह्या भावाचीच शेवटची."

पुढे काकू बाळापूरला मुलीकडे राहायला गेल्या. जाताना टीव्ही मला देऊन गेल्या. तो आमच्या ओसरीवर आहे. वायर नाही, अँटेना नाही. बारा वाजता मी तो लावतो आणि थोडा वेळ मुंग्या बघत बसतो. बायको बोलून बोलून थकली. आई काही म्हणत नाही, कधी कधी तीही शेजारी येऊन बसते. मी तिला दुपारचं सगळं सांगितलंय की नाही, हे मात्र इथे विचारू नका.

तुमच्यापैकी कुणाला कारण सुचत असेल तर लिहा, मी वाचीन. सिग्नल आपोआप येत नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. फक्त आता घरातल्या कुणी फोन उचलला नाही, तर कारण शोधत बसत नाही. गाडी काढतो.