पहिलटकरीण

सिस्टर ओव्हाळांना कुठलीही अडचण सांगा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "केव्हापासून?" मग तो ताप असो, नवराबायकोचं भांडण असो, नाहीतर स्वयंपाकघरात येणारा गॅसचा वास असो. मी त्यांना पहिल्यांदा भेटले ती नळाला पाणी येत नाही हे सांगायला. धायरीतल्या त्यांच्या घराचा वरचा मजला आम्ही नुकताच भाड्याने घेतला होता. दार उघडलं ते उंच, सावळ्या, पांढरे केस घट्ट बांधलेल्या एका बाईंनी. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनी विचारलं, "केव्हापासून?"

"सकाळपासून."

"सकाळपासून, आणि सांगायला आत्ता आलीस? कळा अशा दाबून ठेवायच्या नसतात." एवढं बोलून त्या वर आल्या, पाइपावर दोन ठोसे मारले, आणि पाणी आलं.

नोकरीची सगळी वर्षं त्यांनी खडकीच्या एका दवाखान्यात, बाळंतिणींच्या वॉर्डात काढली होती. यजमान दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. ते अचानक गेले, क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा सिस्टरांनी धायरीत हे लहानसं घर बांधलं. पुढच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, तिच्यासमोर रोज ताजं फूल, आणि भिंतीवर मुलीचा, उज्ज्वलाचा, पदवीच्या झग्यातला फोटो. धायरी तेव्हा निम्मी गाव होती आणि निम्मी बांधकाम. मी आणि माझा नवरा संदीप, दोघंही सांगलीहून येऊन कॉम्प्युटरच्या कंपनीत लागलो होतो. आमचं काम काय असतं हे सिस्टरांनी एकदा नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे दिवसभर बसूनच ना? मग दमता कशाने?"

जीभ अशी तिखट. वॉर्डात तर त्यांचा दराराच होता म्हणे. "ओरडून काय मिळणार? ती ताकद खाली लाव." "धीर धर, बाळ म्हणजे काही शेवटची बस नाही सुटून जायला." हे त्या आम्हाला ऐकवत, तेव्हाही आवाज आपोआप वॉर्डातला होई. पण बायका त्यांना विसरत नसत. एकदा फोनचं नवं यंत्र घ्यायला मी त्यांच्याबरोबर बुधवार पेठेत गेले होते. दुकानातली बाई गल्ल्यावरून उठली आणि सरळ त्यांच्या पाया पडली. सिस्टरांनी तिच्याकडे पाहिलं, मग काउंटरवरच्या मिसरूड फुटलेल्या मुलाकडे. "हाच ना तो पायाळू? फार छळलंस रे आईला." गिऱ्हाइकांसमोर तो पोरगा कानापर्यंत लाल झाला.

ते फोनचं यंत्र उज्ज्वलाशी बोलण्यासाठी होतं. नव्या सहस्रकात कॉम्प्युटर बंद पडतील या धास्तीने अमेरिकेने इकडची पोरं भराभर बोलावून घेतली, त्यात उज्ज्वला गेली. तिथेच लग्न करून तिने संसार थाटला आणि फोन घेतला त्याच वर्षी तिला दिवस गेले. सिस्टरांनी पासपोर्ट काढला, बॅग आणली, डिंकाची चौकशी सुरू केली. आणि मग एका रविवारी मी भाड्याच्या निमित्ताने खाली गेले, तर बॅग माळ्यावर गेलेली.

"कधी निघायचं?" मी विचारलं.

"मी नाही जात. तिच्या सासूबाई जाणार आहेत."

"का?"

"मला नाही बोलावलं." एवढंच. पुढे विचारायची सोय त्यांनी ठेवली नाही.

त्याच दिवसांत हौसाबाईंनी त्यांना कोंबडी दिली. हौसाबाई म्हणजे मागच्या गल्लीतल्या, मूळ धायरीच्या. त्यांच्या मुलांनी जागा बिल्डरला दिली होती, फ्लॅट तयार व्हायचा होता, आणि फ्लॅटमध्ये कोंबड्या चालणार नव्हत्या. म्हणून त्या एकेक कोंबडी ओळखीच्यांत वाटत सुटल्या होत्या. सिस्टरांच्या वाट्याला आली ती तांबूस रंगाची, नुकतीच अंडी द्यायला लागलेली तलंग. सिस्टरांनी आयुष्यात कोंबडी पाळली नव्हती. त्यांनी तिला परसात मोकळं सोडलं, तिच्याशी "नाटकं नकोत" अशा भाषेत बोलायला सुरुवात केली, आणि महिन्याभरात ती कोंबडी खुडूक झाली. म्हणजे एका जागी फुगून बसायची, हात लावला की चोच मारायची, दाण्याला हलायची नाही.

"केव्हापासून?" सिस्टरांनी मलाच विचारलं, जशी काही मी तिची नातेवाईक होते.

हौसाबाई येऊन बघून गेल्या. "अंडी मागतीया ती. बसवायची का? पर पयल्यांदाच बसनार. हिचा भरवसा न्हाय बघा. मधीच उठून जाती एकादी."

"पहिलटकरीण आहे," सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा मी बऱ्याच दिवसांनी उजळलेला पाहिला. "मग तर बसवायचीच."

हौसाबाईंनी आपल्याकडची कोंबड्याच्या संगतीतली आठ-दहा अंडी दिली. जिन्याखाली खोक्यात भुसा पसरून कोंबडीला बसवलं. आणि सिस्टरांची ड्यूटी सुरू झाली. सकाळी राउंड, दुपारी राउंड, संध्याकाळी राउंड. कोंबडीला उचलायचं, अंडी मोजायची, टॉर्चवर धरून आत शिरा दिसतात का पाहायचं, भुसा बदलायचा. एकदा तर मी त्यांना कोंबडीच्या पंखाखाली थर्मामीटर सरकवताना पाहिलं. खोकं जंतुनाशकाने पुसलेलं होतं, सगळा जिना दवाखान्यासारखा घमघमत होता.

दुसऱ्या आठवड्यात कोंबडी उठली ती परसाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. अंडी उघडी. सिस्टरांनी तिला आणून ठेवलं, ती पुन्हा उठली. तिसऱ्यांदा आणली तेव्हा तिने त्यांच्या मनगटाला रक्त काढलं. हौसाबाई कुंपणापलीकडून हे बघत होत्या. त्या आत आल्या, अंड्यांवर फडकं टाकलं आणि म्हणाल्या, "सिस्टर, तुमी जावा वर, पोरीकडं च्या प्यायला. तुमी हितं हाय तंवर ती न्हाय यायची."

सिस्टरांना असं कुणी सांगितलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. त्या जिना चढून आमच्याकडे आल्या. खुर्चीत बसल्या, पण कान खाली लागलेले. मी चहा ठेवला. त्यांनी मनगटावरची जखम पाहिली आणि एकदम म्हणाल्या, "उज्ज्वलाने काय सांगितलं माहितेय? म्हणाली, आई, तू आलीस तर माझी आई म्हणून नाही येणार, सिस्टर म्हणून येशील. माझ्या डॉक्टरांशी भांडशील, मला ओरडशील. मला भीती वाटते तुझी."

चहाला उकळी आली होती. मी गॅस बंद केला, पण गाळायचं सुचेना.

"लहानपणी तिला ताप आला की मी चार्ट करून भिंतीवर लावायचे," त्या म्हणाल्या. "जवळ घेऊन बसायला वेळ कुठे होता? घरात तिघं आजारी पडली तरी वॉर्डात तीस असायच्या." मग नेहमीच्या आवाजात, "चहा आज मिळणार आहे की उद्या?"

आम्ही खाली गेलो तेव्हा कोंबडी अंड्यांवर होती. फडकं तिने बाजूला ओढलं होतं आणि मान आत घेऊन, डोळे अर्धे मिटून ती बसली होती. सिस्टर जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच थांबल्या. त्या दिवसापासून राउंड बंद झाले. दाणे-पाणी जवळ ठेवायचं आणि निघून यायचं. हे त्यांना किती जड गेलं ते मी पाहत होते. मी कामावरून आले की त्या परसदारी उभ्या दिसत, हात पाठीमागे बांधून, आपलेच हात आपणच धरून ठेवल्यासारखे.

तीन आठवडे भरत आले तसं एका अंड्याला चीर गेली. रविवार होता, मी घरीच होते. आतून बारीक चिवचिव ऐकू येत होती. सकाळ गेली, दुपार झाली, चीर तेवढीच. सिस्टर येरझाऱ्या घालत होत्या. "अडलंय ते," त्या म्हणाल्या. "मला आवाजावरून कळतं. दमलंय." मी काही बोलायच्या आत त्यांनी ते अंडं काढून घेतलं आणि चिमट्याने कवचाचे तुकडे अलगद उचलू लागल्या. इतके हलके हात मी कुणाचे पाहिले नाहीत. पण आतल्या पापुद्र्यात लाल दोरे होते, आणि त्यांतून रक्त आलं. पिल्लू बाहेर आलं, ओलं, डोळे मिटलेलं. त्यांच्या ओंजळीत थोडा वेळ धडधडलं आणि थांबलं.

त्यांनी ते फडक्यावर ठेवलं. शेवटी म्हणाल्या, "अडलेलं नव्हतं ते. अजून तयार नव्हतं." मग जास्वंदीखाली स्वतः खड्डा खणला. मला मदत करू दिली नाही.

दुसऱ्या दिवशी मी कामाला दांडी मारली, खोटं बोलून. त्यांना एकटं सोडवेना. सकाळीच कोंबडीच्या पोटाखालून आवाज आला आणि एक पिवळं डोकं तिच्या पिसांतून बाहेर डोकावलं. कोंबडी दचकून उभीच राहिली. आपल्याखाली हे काय हलतंय, हे तिला कळेना. तिने मान वाकडी करून पाहिलं आणि त्या पिल्लाच्या डोक्यावर टोच मारली. पिल्लू कोलमडलं. तिने पुन्हा मारली.

"सिस्टर!" मी ओरडले.

त्यांचा हात पुढे गेलेला होता. पिल्लापर्यंत पोचला असता. तो हवेतच थांबला, आणि त्यांनी तो मागे घेतला. "थांब," त्या कुजबुजल्या. मला म्हणाल्या की कोंबडीला की स्वतःला, मला अजून कळलेलं नाही. पिल्लू धडपडत उठलं आणि जिने मारलं होतं तिच्याच पोटाशी घुसलं. कोंबडी क्षणभर तशीच उभी राहिली. मग घशातून एक आवाज काढला, जाडसर, पुटपुटल्यासारखा. असा आवाज तिने आजवर काढला नव्हता. आणि पंख पसरून ती हळूच खाली बसली.

सिस्टर ओव्हाळ भिंतीला टेकून रडत होत्या. हजारो बाळंतपणं केलेली बाई. "कुणी शिकवलं हिला?" एवढंच त्या म्हणत होत्या. "कुणी शिकवलं?"

संध्याकाळपर्यंत सहा पिल्लं निघाली. उरलेली अंडी तशीच राहिली. पुढचे दिवस आमच्या परसाला रंग चढला. कोंबडी मातीत पाय मारून किडे दाखवायची, पिल्लं तुटून पडायची. वीजमीटर बघायला आलेल्या माणसाला तिने फाटकापर्यंत पळवलं, तेव्हा सिस्टर पायरीवरून ओरडल्या, "शाब्बास, माझी वाघीण!" एक पिल्लू बोक्याने नेलं, एक घारीने. सिस्टर हळहळल्या, पण कोंबडीला खुराड्यात कोंडायचं मात्र त्यांनी नाकारलं. कण्या टाकायच्या, पाणी भरायचं, आणि पायरीवर बसून राहायचं. बसून राहायला त्या नव्याने शिकत होत्या.

उज्ज्वलाचा फोन आला तो एका दुपारी. जावयाने लावला होता. कळा सुरू होऊन खूप वेळ झाला होता, आणि ती आईला मागत होती. सिस्टरांनी रिसीव्हर घेतला. मी दारातच उभी होते. "केव्हापासून?" हा प्रश्न त्यांच्या ओठांवर आलेला मला दिसला. त्यांनी तो गिळला.

"मी आहे गं," त्या म्हणाल्या.

पलीकडून रडण्याचा आवाज माझ्यापर्यंत येत होता. "आई, मला नाही जमणार."

"मी आहे. फोन ठेवत नाही मी."

"काहीतरी बोल ना."

सिस्टरांनी इकडे-तिकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "अगं, मी कोंबडी बसवली होती." आणि त्या सांगत गेल्या. थर्मामीटरचं सांगितलं, मनगटाला चोच मारल्याचं सांगितलं, हौसाबाईंनी आपल्याला वर हाकललं तेही सांगितलं. कळ आली की थांबायच्या, नुसता श्वास ऐकायच्या, ती ओसरली की पुढे बोलायच्या. मध्येच पलीकडून चक्क हसू ऐकू आलं. मेलेल्या पिल्लाचं मात्र त्यांनी सांगितलं नाही. "तू तिला ओरडली नाहीस?" उज्ज्वलाने विचारलं असावं, कारण सिस्टर म्हणाल्या, "ओरडले. पण तिने ऐकलं नाही, ते बरं झालं."

मुलगी झाली. उज्ज्वलाने आईला बोलावलं ते बाळ सहा महिन्यांचं असताना, आणि सिस्टर गेल्या. कोंबड्या सांभाळायला आम्ही होतोच.

पुढे आम्ही स्वतःचं घर घेतलं, पण जाणं-येणं राहिलं. माझ्या मुलाच्या वेळी त्या दवाखान्यात माझ्या उशाशी होत्या. सुईणकामातलं एक अक्षर बोलल्या नाहीत. नवी नर्स गडबडली तेव्हा नुसत्या छताकडे बघत राहिल्या.

सिस्टर अंथरुणाला खिळल्या तेव्हा उज्ज्वला आलेली होती. आजार शेवटचा होता आणि तो सिस्टरांना आमच्याआधी कळला होता. उज्ज्वला मात्र ऐकत नव्हती. तिसऱ्या डॉक्टरला फोन, उशी बदल, औषधाच्या वेळा भिंतीवर लिहून लावलेल्या. मी भेटायला गेले त्या दुपारी ती आईला पुन्हा एकदा कुशीवर वळवायला धावली. सिस्टरांनी डोळे उघडले आणि तिचा हात धरला.

"उज्ज्वला, झालं आता सगळं करून," त्या म्हणाल्या. "इथे ये. माझ्याजवळ बस."

उज्ज्वला उभीच होती, औषधाची बाटली हातात घेऊन. मग ती बाटली तिने खिडकीत ठेवली, पलंगाच्या कडेला टेकली आणि आईचा हात मांडीवर घेतला. परसातून उन्हाची तिरीप आत आली होती. मी हळूच दार ओढून घेतलं.