घोंगडीखालची ठिणगी

“गाडी निजली न्हवं? मग आत कोन जागं हाय ते पाहू.”

असं म्हणत मिस्तरी मोटारीचं बॉनेट उघडायचे, खांद्यावरची काळी घोंगडी झटकायचे आणि बॉनेटसकट स्वतःला तिच्याखाली झाकून घ्यायचे. तेही हिंगोलीच्या उन्हाळ्यात, भर दुपारी. बाहेर फक्त दोन पाय दिसत. नवखा माणूस हसायचाच. मीही पहिल्यांदा हसलो होतो.

तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल, ज्याची कामाची रीत आधी वेडेपणाची वाटते आणि मग हळूहळू कळते. उभ्या मोटारीची बॅटरी आपोआप उतरत असेल, तर मिस्तरी आधी चावी काढून घेत, सगळे दिवे बंद करत. मग बॅटरीच्या खुंटीवरून जाड तार सोडवत आणि तिचं टोक खुंटीला हळूच टेकवत. गाडीत सगळं खरोखर बंद असेल तर काहीच होत नाही. कुठे काही चालू राहिलं असेल तर तिथे बारीकशी ठिणगी पडते. उन्हात ती दिसत नाही, म्हणून घोंगडी. ठिणगी दिसली की ते गाडीतली एकेक तार सोडवत जायचे आणि दर वेळी पुन्हा टेकवून पाहायचे. जी तार सोडल्यावर ठिणगी पडेनाशी होईल, ती चोर.

त्यांच्या पत्र्याच्या शेडला लागून आमचं घर होतं. माझे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचे. मी औरंगाबादला कॉलेजात विज्ञान शिकत होतो आणि सुट्टीत घरी यायचो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे घरात माझ्याशी बोलताना सगळे जरा जपूनच बोलायचे. मिस्तरी मात्र भिंतीपलीकडून हाक मारायचे, “ओ कालेजवाले! या, चहा घ्या. इथं बी शाळाच हाय.”

ते गोरेगावकडच्या तांड्यातले. त्यांचे आजोबा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहून न्यायचे. “आजा बैलामागं हिंडला, मी मोटारीमागं,” ते म्हणायचे. “पन बैल दमला तर दिसतो. मोटार बसली की सांगत न्हाई, काहून बसली ते.” दुसऱ्यांच्या गाड्या धुता धुता ते काम शिकले होते. लिहिता-वाचता येत नव्हतं.

एकदा कुरुंद्याहून एका जमीनदारांची जुनी मोटार आली. दर सकाळी बॅटरी उतरलेली. जमीनदारांनी ड्रायव्हरवर आळ घेतला होता. हा रात्री गाडी बाहेर काढतो म्हणून. ड्रायव्हर कोपऱ्यात रडकुंडीला येऊन उभा. मिस्तरी घोंगडीखाली गेले, बऱ्याच वेळानं बाहेर आले आणि जमीनदारांना गाडीच्या मागे घेऊन गेले. ब्रेकच्या पायपट्टीची स्प्रिंग थकली होती. पट्टी पुरती वर येत नव्हती, आणि मागचा लाल दिवा जळतच राहत होता. गाडी तबेल्यात भिंतीकडे पाठ करून उभी असायची, म्हणून कोणाला दिसला नाही.

“मालक, इतके दिस तुमची भिंत लाल होऊन राहिली व्हती,” मिस्तरी म्हणाले. “ड्रायव्हरचं त्वांड काहून लाल करता?”

जमीनदारसुद्धा हसले. ड्रायव्हरनं मिस्तरींचे पाय धरले, तर मिस्तरींनी पाय मागे घेतले. “पाहिल्याबिगर कोनाला चोर म्हनायचं न्हाई. एवढंच.”

हे त्यांचं दुसरं नेहमीचं वाक्य. ते मला पुढे फार आठवलं.

मिस्तरींना एकच मुलगी होती. तिला ते ‘बाई’ म्हणत. गोरेगावच्या पलीकडच्या तांड्यात तिला दिली होती. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, हिंगोलीत झालं. तिचा जीव थोडक्यात वाचला, मूल वाचलं नाही. दुसऱ्या वेळी सासू म्हणाली, आता आमच्याच घरी होऊ द्या. मिस्तरींना नाही म्हणता आलं नाही. त्यांनी हिंगोलीतल्या डॉक्टरांना गाठलं. डॉक्टरांकडे एक जुनी मोटार होती आणि ती मिस्तरींच्याच हातची होती. डॉक्टर म्हणाले, “निरोप आला की मी निघतो. काळजी करू नकोस.”

मग मिस्तरींनी नवस केला. औंढ्याहून नागनाथाची तसबीर आणली आणि डॉक्टरांच्या मोटारीत स्टिअरिंगशेजारी बसवली. लेकीची सुटका होईपर्यंत तसबिरीपुढे अखंड दिवा ठेवायचा, असं बोलले होते. मोटारीत तेलवात कशी ठेवणार? म्हणून एक लहानसा बल्ब लावला आणि त्याची तार थेट बॅटरीला जोडली. “बाईकडं गाडी जानार,” ते म्हणाले, “तर देव आधीपासूनच गाडीत बसलेला बरा.” डॉक्टर हसले, पण नको म्हणाले नाहीत.

त्याच संध्याकाळी मिस्तरी माझ्याकडे आले. मी ओट्यावर वाचत बसलो होतो.

“एक इचारतो. लढाईपायी पेट्रोल कुपनावर मिळतं. गाडी आठ-पंधरा दिस उभीच राहील. तवर ह्यो बल्ब बॅटरी खाईल का?”

मी उत्साहानं वही घेतली. बॅटरीवर काय छापलंय, बल्बवर काय लिहिलंय, ते जाऊन वाचून आलो. भागाकार केला. आणि सांगितलं, “काही होत नाही. महिनाभर तरी निघेल.”

मिस्तरी थोडा वेळ माझ्या वहीकडे पाहत राहिले. त्यांना त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. “बॅटरी जुनी हाय,” ते हळूच म्हणाले.

“हिशेब बरोबर आहे,” मी म्हणालो.

“बराबर असंल. तुमी शिकलेले,” ते म्हणाले आणि गेले.

एरवी कुठलीही गाडी दोन दिवस उभी राहणार असली, तर मिस्तरी बॅटरीची तार सोडून ठेवायचे. ही गाडी उभी राहिली, पण तार सोडता येत नव्हती. दिवा अखंड होता. ते रोज सकाळी जाऊन डोकावून यायचे. परत येताना भिंतीपलीकडून मला सांगायचे, “जळून राहिला.” दिवा जळतोय म्हणजे बॅटरी आहे, असं मला वाटायचं. लहान दिव्याला लागतं ते वेगळं आणि इंजिन फिरवायला लागतं ते वेगळं, हे माझ्या वहीत कुठेच नव्हतं.

दहाव्या दिवशी डॉक्टरांना पेट्रोल मिळालं. अकराव्या दिवशी सकाळी तांड्यावरून जावई घोड्यावर आला. बाई पहाटेपासून अडली होती.

डॉक्टर पेटी घेऊन मोटारीत बसले. मिस्तरी मागे बसले. डॉक्टरांनी बटण दाबलं. आतून टक् असा आवाज आला आणि काहीच झालं नाही. मिस्तरी उतरले, हँडल मारू लागले. मी आणि जावई गाडी ढकलू लागलो. बाजारातली माणसं धावून आली. रस्त्याच्या टोकापर्यंत ढकलत नेली. पण बॅटरीत जीवच नसेल तर हँडल मारून तरी इंजिनात ठिणगी कुठून पडणार? नागनाथापुढचा बल्ब तेवढा काजव्यासारखा लुकलुकत होता.

गावातली दुसरी मोटार नांदेडला गेलेली. शेवटी बैलांची दमणी जुंपली. ते पोचले तेव्हा दिवस कलला होता. बाई दुपारीच गेली होती. मूलही.

नंतर कोणीतरी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, “मोटारीनं गेलो असतो तरी वाचली असती, असं सांगता येत नाही.” मिस्तरी तिथेच बसले होते. “सांगता येत न्हाई,” ते म्हणाले. “त्येच तर.”

बाईचे दिवस झाल्यावर ते कामावर आले. बॅटरी जिनिंगच्या इंजिनवर नेऊन भरून आणली, डॉक्टरांच्या मोटारीत बसवली आणि खांद्यावरची घोंगडी काढली.

डॉक्टर म्हणाले, “अरे, तो दिवाच होता. आता कशाला पाहतोस?”

“पाहिल्याबिगर म्हनायचं न्हाई, डॉक्टरसाहेब.”

मी डॉक्टरांच्या अंगणाच्या दारात उभा होतो. घोंगडीखालून त्यांचा हात तेवढा बाहेर येत होता. पुढच्या दिव्यांची तार सोडली. मग भोंग्याची. मग मागच्या दिव्याची. मग डायनामोची. दर वेळी घोंगडी जरा स्थिर व्हायची. ते तार टेकवून पाहत असणार. इतक्या सावकाश मी त्यांना कधी काम करताना पाहिलं नव्हतं. मला वाटतं, ते देवाच्या दिव्याची तार मुद्दाम शेवटी ठेवत होते. दुसरा कोणी चोर निघावा म्हणून.

शेवटी एकच तार राहिली. ती सोडली. घोंगडी बराच वेळ हलली नाही.

ते बाहेर आले तेव्हा घामानं भिजलेले होते. मला राहवलं नाही. मी पुढे झालो. “मिस्तरी, मी सांगितलं होतं तुम्हाला. महिनाभर निघेल म्हणून. माझं चुकलं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

“न्हाई,” ते म्हणाले. “तुमी कागदावरली बॅटरी सांगितली. ती बराबरच असंल. गाडीतली बॅटरी मला ठाव व्हती. म्या बोलाय पायजे व्हतं.”

मग त्यांनी बल्ब काढून खिशात ठेवला. तसबीर तशीच राहू दिली.

त्यानंतरही ते चारेक वर्षं काम करत राहिले. मला ‘कालेजवाले’ म्हणणं त्यांनी सोडलं नाही. चहालाही बोलवायचे. पण शेडमध्ये आलेली कुठलीही गाडी, एका रात्रीसाठी जरी ठेवली असली, तरी घरी जाण्याआधी तिची तार ते सोडून ठेवायचे. सकाळी गिऱ्हाईक कुरकुरायचं. ते ऐकून घ्यायचे. ‘आत कोन जागं हाय’ हे वाक्य मात्र मी पुन्हा ऐकलं नाही.

अठ्ठेचाळीस साली मुलूखभर धामधूम होती. रस्ते बंद झाले आणि मी औरंगाबादला, नोकरीच्या गावीच अडकलो. त्याच पावसाळ्यात मिस्तरी तापानं गेले. मला ते दोन महिन्यांनी कळलं, घरी आल्यावर. शेडला कुलूप होतं.

मी डॉक्टरांकडे गेलो. मोटार अंगणात उभी होती. डॉक्टर म्हणाले, “आजारी पडायच्या आदल्या दिवशी आला होता. बॅटरी भरून आणली, बसवली. म्हणाला, डॉक्टरसाहेब, आता कवाबी निघा. घोंगडी इथेच विसरून गेला. रस्ते बंद, तेव्हापासून गाडी काढलीच नाही.”

घोंगडी मागच्या सीटवर घडी करून ठेवलेली होती. मी बॉनेट उघडलं. तार खुंटीवरून सोडलेली होती आणि तिच्या टोकाला फडकं गुंडाळलेलं होतं, जखमेला बांधतात तसं नीट.

काय वाटलं कोण जाणे, मी ती घोंगडी डोक्यावरून घेतली. आत ग्रीसचा आणि विडीचा वास होता. फडकं सोडलं. खात्री करावी म्हणून आधी पुढच्या दिव्यांचं बटण ओढून आलो आणि तार टेकवली. ठिणगी लख्ख पडली. बॅटरीत जीव होता. मग जाऊन बटण बंद केलं, पुन्हा घोंगडी ओढून घेतली आणि तार टेकवली.

काही नाही. पुन्हा टेकवली. घोंगडीखाली नुसता अंधार.

गाडी निजली होती. आत कोणी जागं नव्हतं.