राबाचा धूर आणि वाऱ्याचा कागद

खाजगी वैमानिकाचा परवाना मिळाल्याचं मी गावी कळवलं, तेव्हा कुडपणच्या माणसांनी दोनच गोष्टी विचारल्या. नोकरी बदलली का, आणि इमान गावाकडे कधी आणणार? नोकरी तीच होती. मुंबईत एका फ्लाइंग क्लबच्या शेडमध्ये मी इंजिनं उघडायचो आणि जोडायचो, आणि तिथलाच माणूस म्हणून सवलतीत उडायला शिकलो होतो. त्या काळी आमच्या वाडीतली निम्मी तरणी माणसं मुंबईला होती, पण बहुतेक गिरणीत किंवा गोदीत. माझं काम नक्की काय, हे वाडीला शेवटपर्यंत समजलं नाही.

दुसरी गोष्ट आईनेही विचारली, आणि तिला घाई होती. महाडच्या डॉक्टरांनी तिला काचबिंदू सांगितला होता. गेलेली नजर परत यायची नाही आणि उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही, असं ते म्हणाले होते. दिवाळीला गेलो तेव्हा ती म्हणाली, "एकडाव घरावरनं जा रे. मला दिसतंय तंवर."

मी हो म्हटलं. हो म्हणायला काय लागतं!

मुंबईला परतल्यावर तयारीला लागलो. आमच्या क्लबात एका श्रीमंत सभासदाकडे परदेशातून आणलेली ॲल्युमिनियमची गोल चकती होती. ती फिरवली की वेग, वेळ, वाऱ्याने विमान किती सरकेल, सगळा हिशेब निघायचा. मला तिचा भारी मोह. दोन दिवसांपुरती मागावी असा विचार चालला होता. आमच्या शिक्षकांनी तो कसा ओळखला कोण जाणे. ते म्हणाले, "चकती वारा सांगत नाही. तू सांगशील त्या वाऱ्याचा हिशेब करते. तुझ्या गावात वारा कुठला आहे ते तुला कोण सांगणार, ते आधी ठरव."

तिथेच माझं घोडं अडलं. नकाशा होता, तो मी कापडावर चिकटवून घेतला. कोनमापक होता. पट्टीऐवजी आईच्याच गोधडीचा दोरा घेतला आणि दर दहा मैलांवर गाठ मारली. विमान हलत असताना पट्टी निसटते, दोरा बोटात राहतो. हवामान कचेरीचा टंकलिखित कागद सकाळी मिळायचा. त्यात मुंबईचा वारा होता, पुण्याचा होता. मध्ये आंबेनळी घाटाच्या बाजूला डोंगर आहेत आणि त्यांत माणसं राहतात, याचा त्या कागदाला पत्ता नव्हता. पोलादपुराहून तार मागवावी म्हटलं, तर ती हातात पडेपर्यंत वारा कधीच बदललेला असणार.

आणि मला त्याच ठिकाणचा वारा हवा होता. घाटावरचा वारा आमच्या वाडीच्या पठाराच्या कड्यावरून खाली कोसळत असेल, तर आमचं हलकं विमान त्याच्याबरोबर खाली जातं. ते दुरून दिसत नाही.

मग एकदम राब आठवला. आमच्याकडे उन्हाळ्यात भाताचं रोप करायच्या तुकड्यावर शेण, झाडांच्या छाटलेल्या फांद्यांचं कवळ, पालापाचोळा पसरून तो भाजतात. चैत्रात सगळ्या वाडीवर हा धूर असतो. धूर सरळ वर चढला तर वारा नाही, कड्यावरून खाली लोळला तर तिकडे फिरकू नये. कुठल्याही कचेरीने इतका ताजा कागद दिला नसता. मी खूष झालो. वडिलांना पत्र लिहिलं, अमुक दिवशी सकाळी आठला आपल्या तुकड्यात राब पेटवा, धूर दिसला नाही तर मी मागे फिरेन. पत्र शाळेच्या गुरुजींनी दोनदा वाचून दाखवलं, हे मला नंतर कळलं.

ठरल्या दिवशी निघालो. दोऱ्याच्या गाठी बरोबर येत होत्या. महाडहून सवाकडे जाणारी सावित्री नदी दिसली, मग पोलादपूर. पुढे पठार स्वच्छ, एकूण एक झाड मोजावं असं. पण धुराची एक रेघ नाही. आमच्या तुकड्यात नाही, शेजारच्या नाही, अख्ख्या वाडीत कुठेच नाही. चैत्रात असं कधी होत नाही. मी पोलादपुरावर दोन घिरट्या घातल्या, तोंडात आल्या त्या शिव्या दिल्या आणि मागे फिरलो.

आठवड्याने एस.टी.ने पोलादपूर गाठलं, तिथून चढून घरी गेलो. वाटभर राब धुमसत होते. ते बघून डोकं आणखी तापलं. वडील अंगणात कोयत्याला धार लावत होते. पायातल्या वहाणाही न काढता मी ओरडलो, "एवढं लिहून पाठवलं होतं, एक दिवस राब पेटवता आला नाही?"

ते कोयत्याकडे बघत म्हणाले, "तुझ्यापाशी येवढी यंत्रं हायत. राबाच्या धुरावर इमान चालतं, असं कुणाला वाटंल?"

मी नको नको ते बोललो. अडाणी म्हणालो. ते कोयत्याला धार लावत राहिले. आई चुलीपुढे पाठ करून बसली होती.

त्या पावसाळ्यात तिची नजर गेली. आधी डावीकडची, मग सगळी.

पुढच्या चैत्रात मी पुन्हा पत्र लिहिलं. कशासाठी, ते माझं मलाच सांगता येत नव्हतं. या खेपेला पोलादपूरच्या अलीकडूनच धूर दिसला. वाडीने झाडून सारे राब एकाच वेळी पेटवले होते. धूर सरळ वर चढत होता. मी घरावरून तीनदा गेलो. अंगणात दोन माणसं उभी होती, एवढंच दिसलं.

नंतर घरी गेलो तेव्हा आईने पहिलं तेच विचारलं. "औंदा धूर बरोबर व्हता नं?"

"बरोबर होता."

"गेल्या साली मीच नको म्हटलं व्हतं. ह्यांना म्हटलं, धूर झाला तर मला काय दिसायचं नाय, यंत्रं हायत तर त्यो येईलच. तवा ह्ये घरोघर जाऊन राब थांबवून आले."

"गप गो," वडील म्हणाले. "झालं ते झालं."

वर्षभर त्यांनी ते अंगावर घेतलं होतं. मला त्यांच्याकडे बघायची लाज वाटली. काहीतरी बोलायचं म्हणून आईला विचारलं, विमान वरून गेलं ते कळलं का?

"कळलं म्हणजे? ह्यांनी माझं बोट धरलं व्हतं. इमान जाईल तसं फिरवत व्हते. तीन येळा," ती म्हणाली. "चांगलं बघितलं रे तुला."