घोड्याच्या घरातला वजीर

कॉलेजात गेलो तेव्हा दुसऱ्याला देण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. इंग्रजी अडखळत यायचे. बुद्धिबळ मात्र येत होते. सायखेड्याला नदीकाठच्या देवळाच्या ओट्यावर ते मला आबांनी, म्हणजे वडिलांनी शिकवले होते. आबांना सहीसुद्धा येत नव्हती. "हत्तीनं कुनीबी मात करतं," ते म्हणत. "प्याद्यानं कर. ती खरी." नाशिकला निघताना त्यांनी आपली लाकडी मोहरी पिशवीत घालून मला दिली.

वर्गातल्या एका वकिलाच्या मुलाला मी व्हरांड्यात खेळ शिकवू लागलो. पट त्याचा, मोहरी आमची. घोड्याची अडीच घरे त्याला काही केल्या उमजेनात, तेव्हा मी पटावर हरभरे मांडून दाखवली. चुकला की चाल परत घेऊ दिली. पलीकडच्या टोकाला पोचलेले प्यादे त्या घराचे मोहरे बनते, हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा, हेही मीच सांगितले. तो मला गुरुजी म्हणे. मला ते फार आवडे.

दुसऱ्या वर्षी मुंबईच्या एका कॉलेजाशी सामना ठरला. जागा एकच होती, आणि निवडीचा शेवटचा डाव आम्हा दोघांत आला. मी आबांना निरोप धाडला. ते बैलगाडीने आले आणि कोट-टोप्यांच्या मागे दाराशी उभे राहिले.

डाव माझा होता. हत्तीने मात बसत होती. पण आबा बघत होते, म्हणून मी प्यादे सरकवले. पुढच्या चालीला प्यादेमात. त्याचे एक प्यादे माझ्या घोड्याच्या घरात पोचत होते. पोचू दे, म्हटले. घोडाच होईल, आणि घोड्याने माझे काही बिघडत नव्हते.

त्याने प्यादे तिथे नेले, ते उचलले आणि मेलेला वजीर त्या जागी मांडला. "शह. आणि मात."

मला हसू आले. "अरे, घोडा ठेव."

"विलायती कायद्यात हवं ते मोहरं घेता येतं, गुरुजी."

पंच म्हणून बसलेल्या प्रोफेसरांनी मान डोलावली. "सामना विलायती कायद्यानेच आहे. तुलाही कळवायला मी याला केव्हाच बजावलं होतं." मग त्याच्याकडे वळून, "सांगितलंस ना?"

"सांगितलं, सर," तो पटाकडे बघत म्हणाला.

त्याने मला काहीच सांगितले नव्हते, पण सरांसमोर त्याला खोटे पाडायला मी धजलो नाही. विलायती खेळात प्यादे पहिल्या चालीला आमच्यासारखे एकच नव्हे, तर दोन घरे जाऊ शकते, हे मला नंतर कळले. त्याने सबंध डावात एकही प्यादे दोन घरे टाकले नव्हते. मला सुगावा लागू नये म्हणून तो आमच्या रीतीने खेळत राहिला होता.

मी आबांबरोबर गाडीपर्यंत गेलो. जू बैलांच्या मानेवर ठेवताना म्हणाले, "त्याला शिकवलं तूच ना?"

"हो."

"मग येवढं येक त्याला सांगता आलं नाय?"

"विसरला असेल," मी म्हणालो. आबांनी माझ्याकडे पाहिले आणि गाडी हाकली.

चार दिवसांनी तो व्हरांड्यात पट मांडून बसला होता. "या गुरुजी. मुंबईच्या आधी थोडा हात साफ करू."

मी उभ्यानेच आबांची मोहरी गोळा करून पिशवीत भरू लागलो. तो हसला, मग हसायचा थांबला. वजीर त्याच्या हातात राहिला होता. तेवढा मला मागून घ्यावा लागला.