कबुतरांना घाबरवणारी गाणी

अकरा एप्रिल. मार्केट यार्डातून आणलेली मिरचीची पोती गच्चीवर ओतून झाली होती आणि मी दोरीला सीडी बांधत होते. मसाल्याच्या धंद्यात ऊन हा मित्र आणि कबुतर हा शत्रू. सीडी वाऱ्यावर फिरून चमकायला लागल्या की कबुतरं मिरच्यांवर उतरत नाहीत. दुसरी सीडी बांधत असताना फोन वाजला. लोणी काळभोरहून केराबाई बोलत होत्या, रूथच्या घरमालकीण. "ताई, तुमच्या मॅडम गेल्या. सकाळी च्याला हाक मारली तर उठल्याच न्हाईत... झोपेतच गेल्या बगा." डॉक्टर येऊन गेले का, दाखला मिळाला का, एवढं मी विचारलं. "समदं झालंय, तुम्ही फकस्त या," त्या म्हणाल्या. मी हातातली गाठ पक्की केली, खाली येऊन साबणानं दोनदा हात धुतले आणि निघाले. ज्या सीडीची गाठ मारत होते ती तिचीच होती. तिच्या गाण्यांची.

रूथ इंग्रज होती. गाणी लिहायची, त्यांना चाली लावायची आणि गिटार घेऊन स्वतःच म्हणायची. तुम्ही तिचं नाव ऐकलेलं नसेल, त्यात तुमचा दोष नाही. तिच्या देशातही फारसं कुणी ऐकलेलं नव्हतं. समुद्रकाठच्या एका लहान गावात वाढली, बाप गवंडी. तरुणपणी दारूच्या गुत्त्यांतून गायली, एक तबकडी निघाली, ती काढणारी कंपनी वर्षभरात बुडाली. मग सगळ्यांनी तिला एकच सल्ला दिला, की लोकांना माहीत असलेली गाणी म्हण. तिनं तो ऐकला नाही. पुण्यात गोरी बाई दिसली की लोक समजायचे, कोरेगाव पार्कच्या आश्रमात आली असेल. रूथ मात्र पुण्यात उतरली ती प्रवासात दाढ दुखायला लागली म्हणून. कुणीतरी तिला नारायण पेठेत माझ्या नवऱ्याच्या दवाखान्यात आणून सोडलं. त्यांनी दाढ काढली, भूल उतरेपर्यंत बसा म्हणाले आणि मला वरून चहा पाठवायला सांगितलं. आमची मागची खोली तेव्हा रिकामीच होती. भूल उतरली, रूथ राहिली.

मराठी ती शिकली आमच्या सुमनकडून. सुमन माझ्याकडे मिरचीचे देठ काढायला यायची, अजून येते. त्यामुळे रूथच्या मराठीत सुमनचा सगळा फणकारा उतरला आणि आदरार्थी बहुवचन मात्र वाटेतच कुठेतरी सांडलं. आमच्या ह्यांना ती सरळ "अहो डॉक्टर, तू जेवलास का?" असं विचारायची. पेशंट हसायचे. हे गंभीरपणे "जेवलो" म्हणायचे. 

दर उन्हाळ्यात आम्ही चार-पाच बायका गच्चीवर कापडाच्या सावलीत नाकाला पदर बांधून देठ काढायला बसायचो. रूथ पंचा बांधायची. गिटारला तिखट लागेल म्हणून ती खाली ठेवून यायची आणि नुसतीच गायची, त्या पंच्याआडून. देठ मोडण्याची एक लय असते, सगळ्यांचे हात हळूहळू एका चालीत येतात. रूथची पुण्यातली सगळी गाणी त्या चालीतली आहेत. समुद्राचं एक गाणं आम्हा सगळ्यांनाच येऊ लागलं. अर्थ विचारला कोणी? सुमननंच, दोन-तीन उन्हाळे म्हणून झाल्यावर. रूथनं सांगितलं, "समुद्र भिंत पाडतो. माझा बाप परत बांधतो. समुद्र परत पाडतो. बाप परत बांधतो." सुमन म्हणाली, "आमच्या वस्तीत म्युन्सिपालटी करती, तसंच की." रूथ इतकी हसली की तिला ठसका लागला.

नव्वदनंतर शहरात पैसा दिसायला लागला. नवी हॉटेलं निघाली, त्यांतल्या एकानं रूथला संध्याकाळी गायला ठेवलं. गोरी बाई, गिटार, इंग्रजी गाणी. त्यांना वाटलं, काम झालं. पाहुणे कागदी रुमालांवर फर्माइशी लिहून पाठवायचे. रूथ ती चिठ्ठी मोठ्यानं वाचायची, पाठवणाऱ्याचे आभार मानायची आणि स्वतःचंच गाणं सुरू करायची. मॅनेजर सांगून थकला. "मॅडम, गेस्टना ओळखीचं पाहिजे." ती म्हणाली, "रोज ऐकलं की ओळख होईल." एका संध्याकाळी ती लवकरच परत आली. रिक्षावाल्याशी हुज्जत घालत गिटार उतरवत होती, त्यावरूनच मी ओळखलं, हॉटेलचं काम गेलं. मला रागच आला. म्हटलं, "एखादं म्हटलं असतंस दुसऱ्याचं, तर काय झिजली असतीस?" रूथनं माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, तू दुसऱ्याचा मसाला तुझ्या पिशवीत भरून विकशील?"

त्याच आठवड्यात एका मोठ्या मसालेवाल्याचा माणूस माझ्याकडे येऊन गेला होता. पिशवी तुमची, माल आमचा, तुम्ही फक्त नाव द्या, असं सांगून. मी विचार करते म्हटलं होतं आणि खरोखरच करत होते; गच्ची, कबुतरं, सुमनची टोमणेबाजी, सगळ्यातून सुटका होती... दुसऱ्या दिवशी त्याला नाही म्हणून कळवलं. रूथला हे कधी सांगितलं नाही. सांगून काय, ती डोक्यावर बसली असती.

पुढे आयटी आलं आणि रूथला पुन्हा मागणी आली. अकोला, अमरावती, वर्धा इथून आलेल्या मुलांना फोनवर अमेरिकन वाटेल असं इंग्रजी शिकवायचं काम. रूथ त्यांना म्हणायची, सावकाश बोला, वाक्य पूर्ण करा, आणि आहात तिथलेच राहा. कंपनीनं तक्रार केली तेव्हा ती म्हणाली, "मला स्वतःला अमेरिकन येत नाही." नितीन त्याच वर्गातला, अकोल्याचा. रूथ उच्चारांच्या सरावाला आपलीच गाणी म्हणवून घ्यायची, तेवढा वर्ग फुकट असे. नितीननं आपल्या कॉम्प्युटरवर तिची पाच गाणी ध्वनिमुद्रित केली, त्यांच्या सीडी काढल्या, कव्हरं छापली. थोड्या खपल्या. बाकीचं खोकं आमच्या जिन्याखाली पडून राहिलं. एका उन्हाळ्यात कबुतरांनी उच्छाद मांडला तेव्हा रूथच ते खोकं घेऊन वर आली आणि स्वतःच्या हातानं सीडी दोरीला बांधल्या. मी म्हटलं, "अगं, तुझी गाणी आहेत ती." ती म्हणाली, "मग? कोणीतरी दखल घेतली." शेवटची काही वर्षं ती लोणी काळभोरच्या एका कॉलेजात शिकवत होती, तिकडेच राहायची. पण मिरचीच्या दिवसांत न चुकता यायची. ह्या वर्षीही येणार होती.

ती गेल्यावर आठवड्याभरानं नितीन घरी आला. आता मोठा साहेब आहे. डोळे लाल होते, खरंच रडला होता. म्हणाला, "काकू, आमच्या ऑफिसच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवतोय. मस्त बँड सांगितलाय. सगळ्यांना माहीत असलेली जुनी इंग्लिश गाणी वाजवतील."

"रूथची कोणती?"

"तिची... काकू, तिची कोणाला माहीत आहेत? लोक बोअर होतील. आणि सीडी मी शोधली, सापडत नाहीये."

मी त्याला गच्चीवर नेलं आणि दोरी दाखवली. त्यानं एक सीडी काढून उन्हात धरली. इतक्या उन्हाळ्यांनी तिच्यावर चकाकीखेरीज काही शिल्लक ठेवलं नव्हतं, आरपार दिसत होतं. म्हटलं, "हे बघ. जन्मभर तिनं जे म्हटलं नाही तेच तिच्या नावानं वाजवणार असशील तर सभा तुझ्या बँडची घे, तिची नको. ती मेली आहे, म्हणून आता ती नकार देऊ शकत नाही. मी देऊ शकते."

"मग गाणार कोण?"

सुमन मिरच्यांपाशी बसूनच म्हणाली, "आम्ही काय मेलोय का?"

सभेला आम्ही देठ काढणाऱ्या चौघी गेलो. रूथचा फोटो कोणाकडेच धड नव्हता, म्हणून टेबलावर दोरीवरची एक सीडी ठेवली. स्टेजवर उभं राहून आमच्यातल्या एकीलाही गाणं आठवेना. शेवटी सुमननं सोबत आणलेली मिरचीची पिशवी उघडली. असं होणार हे ती ओळखून होती. आम्ही खाली बसलो, नाकाला पदर बांधले, हात चालू केले आणि समुद्र आपोआप आला. सुरात होतो असं म्हणणार नाही. पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी मध्येच हात वर करून एका नावाजलेल्या गाण्याची फर्माइश केली. मी त्यांचे आभार मानले आणि पुढचं कडवं घेतलं. दुसऱ्या कडव्याला नितीन उठून आमच्यात येऊन बसला. उच्चार अर्थातच त्याचे चांगले होते. तेवढ्यात एसीनं आपलं काम केलं. मिरचीचा ठसका पहिल्या रांगेपासून दारापर्यंत पोचला. सगळा हॉल खोकायला, शिंकायला, डोळे पुसायला लागला, सुरक्षारक्षक आत धावून आला. कोण रडतंय आणि कोणाला मिरचीची खाट बसली आहे, कळायला मार्ग नव्हता. आम्ही थांबलो नाही. भिंत पडली, बापानं परत बांधली. जेवढी कडवी होती तेवढी म्हटली.

निघताना नितीननं टेबलावरची सीडी उचलली. "काकू, ही मला द्या ना. फ्रेम करून लॉबीत लावतो."

"नाही," मी म्हटलं. "ती कामावर आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत गच्चीवर गेले. एका रात्रीत कबुतरांनी मोकळी जागा बरोबर हेरली होती. ती हाकलली, घाण झालेल्या मिरच्या वेचून टाकल्या, सीडीला नवा सुतळीचा तुकडा ओवला, दोरीला दुहेरी गाठ मारली आणि मिरच्या उलट्या करायला बसले.