पाच भाग आणि एक फुटलेली लाइन

आमच्या शहरावर लिहिलेल्या त्या पाच कादंबऱ्या मी सगळ्यांच्या आधी वाचल्या, आणि आता सगळ्यांत जास्त शिव्याही मीच घालते. लेखिका माझी कॉलेजातली मैत्रीण. गोष्ट आजच्याच संभाजीनगरची. फक्त रस्त्याखालच्या जुन्या नहरीत, म्हणजे पाण्याच्या भुयारी कालव्यात, जिन्न राहतात, आणि त्यांना आवरायचं काम नळाला पाणी सोडणारी एक लाइनमन बाई करते.

हे मैत्रिणीला माझ्या थोरल्या भावामुळं सुचलं. दादा पाणीपुरवठ्यात लाइनमन आहे. आमच्याकडं पाणी आठवड्यातून एकदा येतं, त्यामुळं व्हॉल्व्ह उघडणाऱ्या माणसाला गल्लीत जावयापेक्षा जास्त मान. लिहायला घेण्याआधी ती पंधरा दिवस दादाच्या मागं हिंडली, आमच्याकडं जेवली. त्यानं ती लांब लोखंडी चावी तिच्या हातात दिली आणि चेंबरवर वाकून शिकवलं. अर्धा आटा फिरवायचा, थांबायचं, चावीच्या दांड्याला कान लावून पाइपातली हवा निघतेय का ते ऐकायचं, मगच पुढचा अर्धा. घाई केली की लाइन फुटते आणि पुढची सगळी घरं कोरडी राहतात.

पहिला भाग खरोखर चांगला आहे, हे मी रागातही नाकारत नाही. त्यातली बाई दांड्याला कान लावते आणि हवेऐवजी खालून कुणीतरी दखनीत तिची खुशाली विचारतं. ते पान वाचून मी भर दुपारी दाराची कडी लावली होती. शाळा सुटल्यापासून दादानं पुस्तक हातात धरलं नव्हतं. हे त्यानं चार दिवसांत संपवलं, त्याला ब्राउन पेपरचं कव्हर घातलं आणि ऑफिसात सगळ्यांना दाखवून आला. "माझी चावी हाय यात," एवढंच सांगायचा.

दुसऱ्या भागानंतर मैत्रिणीचं नाव झालं आणि आमच्याकडं येणं थांबलं. तिसऱ्या भागात बाईचे पणजोबा कुठल्याशा राजघराण्यातले निघाले. जे ती आतापर्यंत कानानं ओळखत होती, ते आता तिला रक्तामुळं आपोआप कळायला लागलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. लाइनमन बाईनं लाइनमनच राहून जिन्नांशी भांडलं तर काय बिघडणार होतं? गल्लीतली माणसं नुसती हसवायला उरली, दर वाक्याला 'लई' आणि 'व्हय' म्हणणारी. लढाया मात्र झकास. पुस्तक खाली ठेववत नाही, आणि मला त्याचाच जास्त राग येतो.

चौथ्या भागात तर कहर झाला. जिन्नाला बुडवायला बाई व्हॉल्व्ह एका झटक्यात पूर्ण उघडते. शहागंजच्या एका गल्लीत लाइन फुटते, पाणी तीन मजले उंच उडतं, जिन्न मरतो आणि लोक बाईला खांद्यावर घेतात. दादा त्या पानावर बोट ठेवून बसून राहिला. काय झालं विचारलं तर हळूच म्हणाला, "तिला मी शिकवलं होतं की."

त्या महिन्यात एका वाचनालयात तिच्याशी गप्पांचा कार्यक्रम होता. दादाला घेऊन मी गेले. मी शिकवते त्या शाळेतल्या उत्तरपत्रिकेच्या पाठकोऱ्या कागदावर मी पुस्तकातले सतरा दोष लिहून नेले होते. पण माझ्याआधी दादानंच हात वर केला.

"ताई, ती फुटलेली लाइन मग कुणी जोडली?"

ती गोड हसली. म्हणाली, अद्भुत कादंबरीत असे प्रश्न विचारायचे नसतात. सभागृह हसलं. दादाही हसला, चुकून कुणाच्या पायावर पाय पडल्यावर हसतात तसा. त्याचं ते हसणं मला सहन झालं नाही. मी उठून उभी राहिले, आणि हातातल्या कागदाकडं बघितलंसुद्धा नाही.

"जिन्न खोटे असू देत. पण ज्यानं तुझ्या हातात चावी दिली त्याचं काम का खोटं केलंस?"

तिनं माईक बाजूला घेतला आणि पुढच्या प्रश्नाकडं वळली. घरी येताना रिक्षात दादा मलाच ओरडला. म्हणाला, चार लोकांत पाहुण्या माणसाला असं बोलतात का. तिला अजून पाहुणी म्हणत होता तो.

पाचवा भाग आला तेव्हा मी हे पुस्तक घरात येऊ देणार नाही असं जाहीर केलं. दादा स्वतः जाऊन घेऊन आला. कव्हर घातलं नाही. रोज ड्यूटीवरून आला की चष्मा लावून ओळीखाली बोट फिरवत वाचायचा, एकही पान न गाळता. तो काय शोधतोय हे मला ठाऊक होतं, म्हणून मी विचारत नव्हते. आठव्या दिवशी त्यानं पुस्तक मिटलं आणि चष्मा काढून डोळे चोळले.

"बाई गादीवर बसली," तो म्हणाला. "त्या गल्लीला अजून पाणी नाय."